गच्चीवर हेअरलूम टोमॅटो: पुण्यात बी कधी टाकायचं, आणि गावठी वाणांचं बी शुद्ध कसं राखायचं?

कोथरूडची_गच्ची

चौथ्या मजल्यावरची गच्ची, सकाळी आठ ते दुपारी तीन थेट ऊन, १२ × १२ इंचाच्या ग्रो बॅगा, पाणी बहुतेक वेळा बोअरचं. हातात बी आहे ते चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, ब्रँडीवाइन ही हेअरलूम, म्हणजे पिढ्यान्पिढ्या बी धरत आलेली जुनी परदेशी वाणं, आणि जुन्नरकडचा एक चपटा, शिरांचा, आंबट गावठी टोमॅटो. फेब्रुवारीत लावलेली रोपं एप्रिलमध्ये पाच फूट झाली. घोस भरपूर आले, पण देठाच्या सांध्यातून पिवळे पडून गळून गेले. फळं धरली ती फक्त गावठीला. नर्सरीत बोरॉन फवारा म्हणतात.

१. बी नेमकं कधी टाकायचं?
२. बॅग आणि माती बरोबर आहे का? (सध्या निम्मी काळी माती, निम्मं शेणखत.)
३. चारही वाणांचं बी पुढच्या वर्षासाठी धरायचं आहे. शेजारी शेजारी लावले तर मिसळतील का?
४. सोबत वाल, दुधी, वांगी, भेंडी घ्यायचा विचार आहे. त्यांच्या बियांचं काय?

---

मातकट

बोरॉन राहू द्या. सांध्यातून पिवळं पडून गळणारं फूल म्हणजे फळधारणाच न झालेलं फूल. दिवसा ३५ अंशांच्या आणि रात्री २१-२२ अंशांच्या वर पारा राहिला की टोमॅटोचा पराग नीट तयार होत नाही. त्यातही रात्रीचा आकडा जास्त छळतो. पुण्यात एप्रिलची दुपार ३८च्या आसपास असते आणि त्यात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पावशेराची फळं देणारी वाणं याबाबतीत फार हळवी, लहान फळांची आणि गावठी त्या मानाने सोशिक. तुमच्याकडे नेमकं तेच झालं आहे. बोरॉन खरंच कमी असेल तर शेंड्याची पानं जाड आणि ठिसूळ होतात, फळावर खाकी खरबरीत चिरा पडतात. शिवाय बोरॉनची लागणारी मात्रा आणि झाडाला मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. बॅगेत चमचाभर बोरॅक्स पडलं की पानांच्या कडा जळल्याच.

चूक तारखेची आहे, खताची नाही. गणपतीत बी, दसऱ्याला रोप बॅगेत, दिवाळीच्या आगेमागे फुलं, संक्रांतीच्या आत पहिलं फळ, असा हिशेब धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पुण्यातल्या रात्री १० ते १६ अंशांच्या आणि दुपारी २८-३० अंशांच्या, म्हणजे या झाडाला हव्या तशा. चेरोकी पर्पल रोप लावल्यापासून ८०-८५ दिवस घेतो, ब्रँडीवाइन त्याहून जास्त. म्हणून ब्रँडीवाइन सगळ्यांत आधी टाका. सप्टेंबर संपल्यावर टाकलेल्या बियांची फळं मार्चच्या उन्हात सापडतात. तिथे लाल रंगच पुरता चढत नाही, खांदे पिवळे आणि कडक राहतात.

त्या दिवसांत पाऊस असतो, त्यामुळे रोपं छताखाली पण उजेडात करा. प्रोट्रेमध्ये (रोपांचा खणाखणांचा ट्रे) फक्त भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि थोडं चाळलेलं गांडूळखत. बी अर्धा सेंटीमीटर खोल, उगवायला ५ ते ८ दिवस. कोंब दिसला की ट्रे लगेच उजेडात आणायचा, एक दिवसही उशीर झाला तर रोप दोऱ्यासारखं लांबतं. पाणी सकाळी एकदाच. संध्याकाळी दिलं तर रात्रभर ओल राहते आणि जमिनीलगत देठ काळा पडून रोपं आडवी होतात. ट्रेवर पहिल्या दिवसापासून ४० मेशची कीटकरोधक जाळी हवीच, कारण पांढरी माशी लीफ कर्लचा, म्हणजे पानं चुरगळवणारा विषाणू या वयातच देऊन जाते आणि जुन्या वाणांकडे त्याविरुद्ध काहीही नाही. बाजारातल्या बऱ्याच नव्या संकरित वाणांत ही प्रतिकारशक्ती पैदास करून आणलेली असते, चेरोकी पर्पलमध्ये नसते.

रोप बॅगेत लावताना खालची पानं काढून वरच्या दोन जोड्यांपर्यंत गाडा. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. वांगी-मिरचीला असं करू नका.

---

पाटाचं_पाणी

सणांचा हिशेब लक्षात ठेवायला बरा, पण अधिक मासाच्या वर्षी फसवतो. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, गणपती १४ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला. ब्रँडीवाइनला तो उशीर झाला. २० ऑगस्ट ते १० सप्टेंबर अशा इंग्रजी तारखाच वहीत लिहा.

आता बॅग. १२ × १२ च्या बॅगेत माती मावते साधारण २२ लिटर, १५ × १५ मध्ये ४३ लिटर. म्हणजे तीन इंचांत जवळजवळ दुप्पट. सतत वाढत राहणाऱ्या हेअरलूमला १५ इंच किमान, एका बॅगेत एकच झाड. २२ लिटरमध्ये झाड जगतं, पण जानेवारीतही दुपारी मान टाकतं आणि त्यातूनच पुढची फळांची बुडं काळी पडतात. भिजलेली १५ इंची बॅग ४० ते ४५ किलोची होते. लोक जातील-येतील अशा घरगुती गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला १५० किलोच्या वापरभाराने आखलेला असतो. तेव्हा चौरस मीटरला दोनच बॅगा, त्याही भिंती आणि बीमच्या रेषेत. बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या टोकाला रांग लावू नका.

काळी माती बॅगेतून बाहेर काढा. ती ओली असताना हवा कोंडते आणि सुकली की आक्रसून कडेला फट पडते, मग दिलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. झाड मधल्या कोरड्या गोळ्यात तहानलेलं, आणि तळातून पाणी वाहताना पाहून आपल्याला वाटतं भरपूर झालं. एका १५ इंची बॅगेला, वरचे दोन इंच मोकळे सोडून:

पोयट्याची किंवा लाल माती १५ लिटर
चाळलेलं, वास न येणारं जुनं शेणखत किंवा गांडूळखत १० ते १२ लिटर
धुतलेलं कोकोपीट ८ लिटर
अर्धवट जळकी भाताची तुसं किंवा जाड वाळू ३ लिटर
निंबोळी पेंड १५० ग्रॅम, हाडांचा चुरा ७५ ग्रॅम

हे कालवून, ओलसर करून १५ दिवस झाकून ठेवा. निंबोळी पेंड कुजताना तापते, ताज्या मिश्रणात रोप लावलं तर मुळं भाजतात. कोकोपीटची वीट भिजवल्यावर निघणारं तपकिरी पाणी दोन-तीनदा फेकून द्या, त्यात क्षार असतात.

बुडं काळी पडण्याबद्दल एक गोष्ट, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. त्यावर अंड्याची टरफलं सुचवली जातात. ती एका हंगामात विरघळतच नाहीत. आणि बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियम मुळात भरपूर असतं. ते फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाणी आज चार लिटर, उद्या शून्य असं मिळतं. नोव्हेंबर-डिसेंबरात मोठ्या झाडाला रोज २ ते ३ लिटर, फेब्रुवारीअखेर ४ ते ५, शक्यतो दोन वेळांत विभागून, आणि मातीवर तीन इंच पाचोळ्याचं आच्छादन. युरिया किंवा ताजं शेण दिलं तर हा त्रास वाढतो. जीवामृतही (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं पाणी) नेमानेच द्या, हात सैल सोडू नका. पहिल्या घोसातली एक-दोन फळं खराब झाली तर काढून टाका आणि काही करू नका, पुढचे घोस बहुधा चांगले निघतात.

बोअरचं पाणी असेल तर राख आणि चुना दोन्ही टाळा. अशा पाण्याने माती आधीच अल्कधर्मी होत जाते, मग वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. पालाश हवं तर फळं लिंबाएवढी झाल्यावर ०:०:५० हे पालाशाचं विद्राव्य खत दोन ग्रॅम प्रतिलिटर, पंधरा दिवसांनी एकदा. विद्राव्य खत नको असेल तर दर पंधरवड्याला दोन ओंजळी गांडूळखत, चव त्यावर उत्तम येते, फळं थोडी लहान राहतात इतकंच.

---

लाल_माती

कोकणातून वाचणाऱ्यांसाठी: वरच्या तारखा पुण्याच्या आहेत. किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या रात्री २३-२४च्या आसपास असतात, गारवा मिळतो डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच. बी सप्टेंबरच्या शेवटी टाका आणि ब्रँडीवाइनच्या नादी लागू नका. चेरी आणि गावठी घ्या.

दुसरं, जांभ्याच्या आम्ल मातीत जिवाणूजन्य मर फार. हिरवंगार झाड एका दुपारी पानं पिवळी न पडता कोमेजतं आणि परत उठत नाही. खोडाचा तुकडा तिरपा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा. दोन-पाच मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला तर तीच. औषध नाही. ती माती टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांना किमान तीन वर्षं वापरू नका. वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपं बऱ्याच अंशी तग धरतात. नाहीतर बॅगेत आणि बाहेरून आणलेल्या मातीत लावा.

---

नवी_कुदळ

याच धाग्यात विचारतो. खालची पानं लांबीच्या दिशेने वर वळून नळीसारखी झालीत, जाड लागतात. लीफ कर्ल आहे का? झाड उपटू?

---

मातकट

उपटू नका. शेंडा बघा. शेंड्याची नवी पानं नेहमीच्या आकाराची आणि हिरवी असतील, फक्त खालची जुनी पानं गुंडाळलेली असतील, तर तो ताण आहे. पानांच्या बगलेतले फुटवे एकदम खूप काढले, दुपारची गरम हवा, पाणी जास्त झालं, यांपैकी काहीतरी. उत्पन्नावर फारसा परिणाम नाही. विषाणू असेल तर उलटं दिसतं: शेंड्याची पानं बारीक, कडेने पिवळी, चुरगळलेली, कांड्या आखूड, झाड झुडपासारखं खुरटलेलं. तसं असेल तर पिशवीत घालून मुळासकट काढा, त्याच दिवशी. फवारणीने विषाणू जात नाही, फवारा फक्त माशीसाठी.

शेंडा तांबूस-चिवट होऊन पानं खाली वाकली तर सूक्ष्म कोळी, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर, ऊन उतरल्यावर. ३२ अंशांच्या वर गंधक मारलं तर पान जळतं, आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे मारू नका.

माशीसाठी: १५०० पीपीएमचं निंबोळी औषध ५ मिलि प्रतिलिटर, थोडा मऊ साबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. दर सात-आठ दिवसांनी, तेही रोप बॅगेत गेल्यापासूनच, लक्षण दिसल्यावर नव्हे. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या पातळीला टांगा आणि झाड वाढेल तसे वर सरकवा. बऱ्याच गच्च्यांत ते ऑक्टोबरात टांगलेल्या उंचीवरच जानेवारीपर्यंत लटकत असतात.

करप्यासाठी खालची एक फूट पानं काढलेलीच बरी, मातीचे शिंतोडे उडायला नकोत. अवकाळीचे ढग दिसले की पाऊस यायच्या आधी अर्धा टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक): ५ ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये, ५ ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही एकत्र. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही.

---

बीजपेटी

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाबद्दल.

टोमॅटो मुळात स्वपरागी आहे. बहुतेक वाणांत स्त्रीकेसर पुंकेसरांच्या नळीत आत दडलेला असतो, त्यामुळे शेजारी लावूनही मिसळ थोडीच होते. अपवाद दोन. ब्रँडीवाइनसारखी बटाट्याच्या पानांची वाणं, ज्यांत स्त्रीकेसर बाहेर डोकावू शकतो, आणि कडक उन्हाळा, ज्यात तो इतरांतही बाहेर येतो. खात्री हवी तर दागिन्यांच्या दुकानात मिळते तशी ऑर्गन्झाची जाळीदार पिशवी कळ्या उमलण्याआधी घोसावर बांधा. पिशवीत भुंगा येत नाही, म्हणून सकाळी दव सुकल्यावर दहा-अकराच्या सुमाराला घोसाला रोज टिचकी मारा. (बिनपिशवीच्या घोसांनाही गच्चीवर हे कराच. पराग हलल्यावर सांडतो, आणि मधमाशीला ते थरथरणं जमत नाही, भुंग्याला जमतं.) फळ हरभऱ्याएवढं झालं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा. दोरा विसरलात तर ते फळ कोशिंबिरीत जातं.

बियांसाठी झाड निवडा, फळ नव्हे. सगळ्यांत निरोगी, वाणासारखं दिसणारं झाड, त्याचा दुसरा-तिसरा घोस. फळ खाण्याच्या टप्प्याच्या थोडं पुढे जाऊ द्या. गर बियांसकट काचेच्या बरणीत पिळा, पाणी जवळजवळ नकोच, कापड बांधून सावलीत. पुण्याच्या थंडीत तीन दिवस, उकाड्यात दोन. रोज एकदा ढवळा. वर पांढुरकी साय आली आणि बियांवरचा बुळबुळीत थर सुटला की झालं. त्यापुढे ठेवलं तर बरणीतच कोंब येतात. पाणी ओतून तरंगणारं फेका, बुडालेलं बी गाळणीत धुवा आणि चिनी मातीच्या ताटलीत पंख्याखाली वाळवा. कागदावर ते चिकटून बसतं, थेट उन्हात उगवण घटते. आठवड्याने सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बाटलीत. चार-पाच वर्षं टिकतं. वाण, फळ काढल्याचा महिना आणि वर्ष बाटलीच्या आत चिठ्ठीवर लिहा, बाहेरची शाई पुसते.

वांगी आणि मिरची यांना पिशवी हवीच, मिरची तर सहज मिसळते. जळगावचं भरताचं वांगं आणि काटेरी वांगं शेजारी असतील तर दोन पिढ्यांत दोन्हीची ओळख पुसट होते. बियांचं वांगं झाडावरच पिवळं-तपकिरी, कडक होऊ द्या. खाण्याच्या वांग्यातलं बी कच्चं असतं.

भेंडीला पिशवी एका फुलालाही चालते. गावठी भेंडीचा खरा शत्रू केवडा रोग, म्हणजे शिरा पिवळ्या पडणं, तीही पांढऱ्या माशीचीच देणगी. उन्हाळ्यात भेंडी हवी असेल तर परभणी क्रांती घ्या. ते केवड्याला सोशिक म्हणून काढलेलं सुधारित वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे बी धरता येतं. गोव्यातली सात शिरांची लांब भेंडी पावसाळ्यासाठी.

दुधी हा वेगळाच कारभार. वेलवर्गात नर आणि मादी फुलं वेगळी, मिसळ हमखास, म्हणून हाताने परागीभवन. यात वेळ चुकली की सगळं वाया. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही संध्याकाळी. घोसाळी, कारली, काकडी सकाळची. लाल भोपळा भल्या पहाटे उघडतो, नऊ-दहानंतर काम संपलं. दुधीसाठी चारच्या सुमाराला उद्याच्या नव्हे, आज उमलणाऱ्या कळ्या ओळखा: पांढरी टोकं बाहेर आलेली असतात. एक मादी (मागे इवलासा दुधी असतो) आणि दुसऱ्या वेलावरचे दोन नर दोऱ्याने बांधून ठेवा. सात-साडेसातला नर तोडून पाकळ्या काढा, मादीच्या मध्यावर हलकेच फिरवा, मादी परत बांधा, देठाला दोरा. असा दुधी साल लाकडासारखी होईपर्यंत वेलावर. बिया आत खुळखुळल्या की काढायचा. त्याच वेलाच्या एका कोवळ्या दुधीची चकती जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो वेल बियांतून बाद आणि पोटातूनही, कडू दुधी विषारी असतो.

वाल बहुतांशी स्वपरागी, फारसं काही करावं लागत नाही. शेंग वेलावर वाळवा, बी कडकडीत वाळल्यावर राखेत. भुंगेरे धरू नयेत म्हणून आधी तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवलं तर उत्तम, पण आधी पूर्ण वाळलेलं हवं.

गावठी बी कुठून आणायचं असा प्रश्न येईलच. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे (२०२०ची पद्मश्री) यांची बीज बँक वाल-घेवड्याच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. राहुरी कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे टोमॅटो जुने गावठी नव्हेत, सुधारित आहेत, पण बी धरता येतं. पाकिटावर एफ-१ (म्हणजे संकराची पहिली पिढी) लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या पिढीत दहा झाडांची दहा तोंडं.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीतून एक भर. वाल इथे मेमध्ये लावला तर सप्टेंबरपर्यंत नुसता मांडव भरतो, शेंग नाही. गावाकडचा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, आणि इथे फुलला की पाठोपाठ पहिलं गोठलेलं दहिवर पडून वेल काळा पडतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय, अर्का विजय हे बुटके वाल दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत. महाराष्ट्रातही उन्हाळ्यात वाल हवा असेल तर हेच, पारंपरिक वाल जून-जुलैतच लावावा.

आणि इकडून भारतात बी पाकिटात घालून पाठवू नका. वनस्पती संगरोध आदेश २००३नुसार आयात परवाना आणि वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्र लागतं.

---

कोथरूडची_गच्ची

तारखा वहीत घेतल्या, १५ इंची बॅगा आणते. दोन शंका. फुटवे सगळे काढायचे का? आणि चेरोकी पर्पल पिकला हे ओळखायचं कसं, तो लाल होतच नाही ना?

---

पाटाचं_पाणी

सगळे काढू नका, आपलं ऊन वेगळं आहे. पहिल्या घोसाच्या लगेच खालचा एक फुटवा ठेवून दोन खोडं चालवा, त्याखालचे बोटाएवढे असतानाच सकाळी मोडा. एकच खोड ठेवलं तर फेब्रुवारीत फळं उघडी पडून पांढरे कागदी चट्टे येतात. सात फुटी बांबू रोप लावतानाच रोवा, नंतर रोवला तर मुळं तुटतात. जुन्या सुती साडीच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास. सुतळी खोडात रुतते.

चेरोकी पर्पल आणि ब्लॅक क्रिम यांचे खांदे हिरवे-काळसरच राहतात, ते रंगायची वाट बघितली तर बुड पिचतं. बुडाकडे मळकट गुलाबी छटा चढली आणि अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबलं की तोडा. गच्चीवर बुलबुल आणि खारी असतील, किंवा पाऊस येऊ घातला असेल, तर बुडाला रंग फुटायला लागताच तोडून घरात उताणं ठेवा. रंग-चव तिथेही पुरी येते, साल तडकत नाही. फ्रिजमध्ये मात्र नको, १२ अंशांखाली वास मरतो.